संकेतस्थळाचा लेखक कसा निवडावा?

प्रश्न : आमच्या हापूस आंब्याच्या संकेतस्थळासाठी शब्दामागे दर ठरवून लेखक नेमावा म्हणतो. ‘हापूस’ हा शब्द वारंवार आल्यास गूगलवर आम्ही वर येऊ, हे खरे का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : आपली समजूत सार्वत्रिक असली तरी निराधार आहे, कारण अकारण पुनरुक्ती गूगलच्या नियमांत निषिद्धच गणली जाते, आणि ग्राहकास तर आंबा कसा पिकवला, पेटीत किती डझन, डागी निघाल्यास भरपाई काय, एवढेच जाणून घ्यावयाचे असते. ही माहिती आपणांपाशी आहेच, तेव्हा चिंता नसावी. लेखकाला बाग दाखवावी, रीतसर मोबदला देऊन एक पान लिहवून घ्यावे, आणि त्याने किती नेमके प्रश्न विचारले यावरून त्याची पारख करावी. करारनामा मात्र लेखीच असावा; १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्र लेखकाच्या मजकुराचा स्वामित्वहक्क लेखी हस्तांतरणावाचून आपणांकडे येत नाही.