मोबाइल, मोर्चा आणि घाटकोपरचा रस्ता



गावोगाव आता व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप झाले आहेत. सकाळी फुलांची चित्रे, दुपारी कोणाची तरी निंदा आणि मधेच एखादी कामाची सूचना! या साधनाने माणसे खरोखर कशी जोडली जातात, हे आपल्याच शेतकरी बांधवांच्या उदाहरणावरून समजून घेण्यासारखे आहे.

६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईकडे पायी निघाला. अंतर सुमारे १८० किलोमीटर. वनजमिनीचे पट्टे आणि कर्जमाफी या मुख्य मागण्या. चालणारे बरेचसे आदिवासी, अल्पभूधारक. वाटेत मोबाइलवर फोटो फिरू लागले. लाल टोप्यांची लांबच लांब रांग, आणि फोड येऊन सोललेले तळपाय. मागण्यांचे निवेदन शहरात किती जणांनी वाचले असते? तो तळपाय मात्र ज्याने पाहिला त्याने पुढे पाठवला.

११ मार्चला मोर्चा मुलुंडवरून पूर्व द्रुतगती महामार्गाने विक्रोळी, घाटकोपरकडे आला, तेव्हा लोक रस्त्याकडेला पाणी, खाऊ, चपला घेऊन उभे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातही स्वागत झाले. १९९७ च्या पोलीस गोळीबारात दहा माणसे गेली ती ही वस्ती. मोर्चा म्हणजे काय, हे त्यांना फोटोवरून शिकायचे नव्हते.

मुक्काम शीवच्या सोमय्या मैदानावर होता. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. मुलांचा खोळंबा नको म्हणून दमलेली माणसे रात्रीच आझाद मैदानाकडे निघाली. सकाळी ही बातमी मोबाइलवरून घरोघर गेली. त्याच दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिले.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. मोबाइलने शहर जोडले, मोर्चा काही मोबाइलने उभा केला नव्हता. गोदावरी आणि शामराव परुळेकर १९४५ साली वारली पाड्यांवर हिंडले, तेव्हापासूनचे हे बैठकीचे काम. लावणच नीट बसली नसेल तर खोडव्याला युरिया टाकून काय होणार? आश्वासने रेंगाळली, तेव्हा २०१९ आणि २०२३ मध्ये पुन्हा चालता आले ते माझ्या मते या बैठकांच्या जोरावरच.

आपल्या गटाच्या ग्रुपवर हुमणी, तांबेरा दिसला तर आपल्याच रानातला फोटो तारीख, गट नंबरासह टाकावा. तोडणीबद्दल ऐकीव काही पुढे ढकलू नये, आधी गट ऑफिसला विचारावे. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना शेजाऱ्याने समक्ष सांगावे, आणि गावबैठकीला ग्रुपवर नुसता अंगठा न दाखवता स्वतः यावे.