रात्रपाळीच्या सिस्टरसाठी : काय करावे, काय टाळावे

मानसोपचार वॉर्डात रात्री डॉक्टर फोनवर असतात, पेशंटसमोर सिस्टर असते. फोन कधी करायचा हा निर्णय तिचाच.

काय करावे

• आधी शरीर तपासा. कालपर्यंत ठीक असलेल्या आजोबांना आज भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, तर ताप, साखर, सोडियम, लघवीचा संसर्ग बघितल्याशिवाय ‘मानसिक’ म्हणू नका. दारू सुटून दोन-तीन दिवस झालेला माणूस घामाघूम होऊन बरळत असेल, तर डॉक्टरांना लगेच कळवा. ग्लुकोज लावण्याआधी थायमिन द्यायचं का, हेही तेव्हाच विचारा.

• हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर मान वाकडी, डोळे वर, जीभ जड. मावशी म्हणतील, “नाटक करतोय.” नाटक नाही, डिस्टोनिया आहे. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते. मात्र ताप चढून अंग लाकडासारखं ताठ झालं, तर पुढचा डोस रोखा आणि डॉक्टरांना झोपेतून उठवा. रागावले तर रागावू देत.

• लिथियमवर हाताला बारीक कंप चालतो. जुलाब, उलट्या, झोकांड्या चालत नाहीत. गोळी थांबवून कळवा, रक्तातली पातळी मागवा.

• मरणाचं थेट विचारा : “जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवलंय का?” विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही.

काय टाळावे

• सोयीसाठी बांधणं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात एकांतकोठडीला बंदी आहे. बांधायचं ते समोरचा धोका टाळायला दुसरा उपाय उरला नसेल तेव्हाच, तेही मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने. ‘स्टाफ कमी होता’ हे कारण चालत नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. (स्टाफ वाढवण्याचं कलम मात्र रात्री दोनला कामी येत नाही.)

• भ्रमाशी वाद, किंवा त्याला हो ला हो. “मला आवाज येत नाही, तुम्हाला येतोय. काय सांगतो?” एवढं पुरे. आवाज ‘मार’ म्हणत असेल, तर पेशंटला आपल्या टेबलासमोरच्या कॉटवर घ्या.

• ‘रात्रभर शांत’ ही नोंद. त्याऐवजी : “२.४० – कॉटवर बसून पुटपुटत होता. पाणी दिलं, घेतलं नाही. ‘ते येतील’ म्हणाला. ३.१० – दाराशी उभा. डॉक्टरांना फोन केला.”