बाल्कनीतला लूप

सांगली

चि. मुक्ता,


गच्चीवर हॅम रेडिओची डायपोल अँटेना बांधायला सोसायटीच्या कमिटीने नकार दिला म्हणून तू रुसली आहेस. 40 मीटर बँडचा डायपोल वीस मीटर लांब होतो. शिवाय 13 मे 2024 ला छेडानगरचं होर्डिंग वाऱ्याने कोसळलं, 17 माणसं गेली. त्यानंतर घाटकोपरात कुणी वर काही उभं करू देत नसेल तर त्यांच्याशी वाद घालू नकोस. बाल्कनीत एक मीटर व्यासाचा लूप कर.

तो करताना सगळी लढाई रोधाशी आहे, हे आधी मनात पक्कं धर. 7.1 मेगाहर्ट्झला एवढ्या लूपचा प्रारण-रोध जेमतेम सहा मिलिओहम येतो. 22 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळीचा स्वतःचा रोध त्याच वारंवारतेला तीसच्या आसपास. म्हणजे काम उत्तम झालं तरी सहा भागांतला एकच भाग हवेत जातो, बाकीची नुसती उष्णता. त्यात स्क्रूने आवळलेला एखादा सांधा आला की तोही भाग गेला. म्हणून नळी अखंड घे आणि जोड डाख देऊनच कर. एसी दुरुस्त करणाऱ्याकडून ब्रेझिंग करून घेतलंस तर फारच छान. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचव, नळीत नको.

व्हॉल्व्ह रेडिओतला दोन भागांचा गँग कंडेन्सर जुन्या बाजारात शोध. लूपची टोकं दोन्ही स्टेटरना जोड, दांड्याला काहीच जोडू नकोस. घासत्या संपर्कातून प्रवाह गेला की पुन्हा रोध आलाच. साधारण 200 पिकोफॅरडला मेळ बसेल. पाच वॉटच्या वर जायचं नाही. तेवढ्यालाही तिथे हजारावर व्होल्ट उभे राहतात, म्हणून प्रसारण चालू असताना लूपला हात लावायचा नाही आणि दांडा लांब प्लास्टिकच्या काठीनेच फिरवायचा. रेडिओची केबल वीस सेंटिमीटरच्या छोट्या लूपला जोड आणि तो कंडेन्सरच्या समोरच्या बाजूला, आत बसव. बँडविड्थ पाचेक किलोहर्ट्झच मिळते, जरा सरकलीस की पुन्हा जुळवावं लागतं. त्याचा कंटाळा करू नकोस.

परवाना हातात येईपर्यंत नुसतं ऐक. लिफ्ट, एलईडी दिवे, चार्जर यांचा तुमच्या इमारतीतला कोलाहल मला माहीत आहे. लूपच्या अक्षाच्या दिशेने येणारा आवाज क्षीण होतो, तेव्हा लूप हळूहळू फिरवून तो कुठे बुडतो ते शोध. हे कान तयार होणं मला प्रसारणाइतकंच मोलाचं वाटतं.

80 मीटरची घाई नको. तरंगलांबी दुप्पट झाली की याच लूपचा प्रारण-रोध सोळा पटींनी घटतो. 40 मीटर पुष्कळ देईल: उभा लूप सरळ वरही लहरी सोडतो, दिवसा आयनांबर त्या परत खाली पाठवतं आणि डोंगर ओलांडून महाराष्ट्रभर बोलता येतं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते. तू या छंदात यावंस असं मला वाटतं ते त्याचसाठी.

नळी आणण्याआधी बाल्कनीच्या लोखंडी ग्रिलपासून लूप किती दूर राहील ते मोजून कळव. मीटरभरही जागा नसेल तर तो खोलीत, खिडकीपासून आत बसवू.

तुझा,
मामा