भगवंतांचे ऐकणे

श्रवणभक्तीची निरूपणे आपण पुष्कळ ऐकतो. पण भगवंतांनी स्वतः कसे ऐकले, हे कोण पाहतो? गीतेचा पहिला अध्याय उघडावा. श्लोक ४७, आणि त्यांत भगवंतांचे बोलणे अर्धा श्लोकही नाही! जमलेले कौरव पाहा, एवढेच ते पार्थाला सांगतात. पुढे अर्जुन दुःख सांगत सुटतो. गांडीव गळते, अंग कापते, कुलक्षयाची भीती वाटते. सर्वज्ञाला हे ठाऊक नव्हते काय? तरी मध्ये बोलले नाहीत. दुसऱ्या अध्यायात दोन श्लोकांनी टोचले, पुन्हा त्याला बोलू दिले. 'लढणार नाही' म्हणून तो गप्प झाला, तेव्हा कुठे अकराव्या श्लोकापासून उपदेश.

धृतराष्ट्रही गीता ऐकत होता. आरंभी एक प्रश्न, मग शेवटपर्यंत हूं की चूं नाही. नुसते गप्प बसणे म्हणजे ऐकणे नव्हे बरं का!

आम्हां कीर्तनकारांची खोड निराळीच. एकदा कीर्तनानंतर एक माउली आली. तिने मुलाचे नाव काढले मात्र, मी उनाड पुत्राचा दृष्टान्त लावला. ती म्हणाली, "महाराज, तो गेला हो. मी अजून सांगितलंच नाही."

मग मी खाली बसलो. ती बोलत राहिली.