मोहाच्या लाडवाचा व्हिडिओ कसा करावा?



आदिवासी बचत गटांच्या मालाचे व्हिडिओ आता मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर नेहमीच येतात. करुण बासरी, पडकी भिंत, अनवाणी मूल, आणि शेवटी ‘या गरीब भगिनींना मदत करा.’ माल दिसतो तो अखेरच्या पाच सेकंदांत. धानोरा तालुक्यातील एका गटाबरोबर मोहाच्या लाडवाचा व्हिडिओ करताना आम्ही बासरी मुळी घेतलीच नाही.

दयेपोटी माणूस एकदा विकत घेतो. दुसऱ्यांदा घेतो तो चवीसाठी. नीतिसूत्रे ३१ मधली सद्गुणी स्त्री तागाची वस्त्रे करून विकते, आणि अध्यायाच्या शेवटी वेशीत गौरव होतो तो तिच्या कामाचा. तिच्या गरजेचा तिथे उल्लेखही नाही.

शिवाय या भगिनी मालकिणी आहेत. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे मोह, मध, तेंदूपाने, बांबू अशी परंपरेने गोळा केली जाणारी गौण वनउपज त्यांच्या मालकीची आहे. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला २०११ मध्ये आपल्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. स्वतःचा माल विकणाऱ्या बाईला आपण हात पसरलेली का दाखवावी?

मग काय दाखवावे? नागपूरच्या गिऱ्हाइकाच्या मनात दोनच शंका असतात. मोह म्हटले की त्याला दारू आठवते, आणि जंगलातली वस्तू स्वच्छ असेल का, असे वाटते. दोन्हींचे उत्तर कॅमेऱ्यानेच द्यावे. फूल पहाटे गळते. झाडाखाली जाळी बांधली तर ते मातीला लागत नाही, आणि वेचण्यासाठी खालचा पाचोळा जाळावा लागत नाही. ती जाळी जवळून दाखवा. मग उन्हात वाळणारी फुले, आतले केसर झटकून काढणारे हात, भाजणे, कुटणे, वळणे. कुटण्याचा आवाज तसाच राहू द्या. त्याहून चांगले संगीत मला तरी सापडलेले नाही. एवढे सारे पाऊण मिनिटात बसते. फोन उभा धरावा, पंखा बंद करावा, आणि बाईचे तोंड दाराच्या उजेडाकडे असावे, पाठ नव्हे.

तिला पाठ केलेले पुस्तकी मराठी बोलायला लावू नका. हात चालू असताना ‘हे कसं करता?’ एवढेच विचारा. ती गोंडीत बोलली तर बोलू द्या, खाली मराठी ओळ टाका. मेळघाटातल्या कोरकू भगिनींनाही हेच लागू. (आपले काही तरुण कार्यकर्ते वाक्ये लिहून देतात. बाई मग लाडवाकडे न बघता त्या कागदाकडे बघत राहते.)

‘याने मधुमेह बरा होतो’ असे कोणी उत्साहाने म्हणाले तर तो भाग कापा. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने असा दावा करण्यास बंदी आहे, आणि तो खराही नाही. त्याऐवजी वजन, किंमत, टपालखर्च आणि पाकिटावरचा अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक स्पष्ट दिसू द्या.

तयार व्हिडिओ पाठवण्याआधी गटाच्या बैठकीत सगळ्यांना दाखवावा. जिला आपला चेहरा नको असेल तिचा काढावा. मुलांचे तर घेऊच नयेत. कोणा बाईचा खाजगी नंबर देऊ नका, रात्री-अपरात्री अनोळखी फोन येतात. गटासाठी वेगळे सिम घ्यावे. आणि पडद्यावर महिना व वर्ष जरूर लिहावे, कारण उन्हाळ्यातला व्हिडिओ दिवाळीतही फिरत असतो, आणि संपलेल्या मालाच्या मागण्या येत राहतात.