संगणकाच्या बारीक तारा कशा जोडाव्यात?



सुटे भाग आणून संगणक जुळवता येतो, हे तुम्ही ऐकलेच असेल. त्यातले बरेचसे मोठे भाग भलत्या जागी बसत नाहीत, कारण प्रत्येकाच्या खाचा निराळ्या असतात. घोळ होतो तो कॅबिनेटच्या पुढच्या बाजूने येणाऱ्या बारीक तारांपाशी. त्या चुकल्या की बटण दाबूनही संगणक ढिम्म हलत नाही. मग घरची मंडळी म्हणतात, "जळला वाटतं! गेले पैसे!" पण पुष्कळदा काहीच जळलेले नसते. तार फक्त एक घर सरकलेली असते. म्हणून ही जोडणी नीट समजून घेऊ.

तारा कोणत्या?
(१) पॉवर स्विच – चालू करण्याचे बटण.
(२) रिसेट स्विच – पुन्हा सुरू करण्याचे बटण. काही कॅबिनेटना हे नसते.
(३) पॉवर एल.ई.डी. – संगणक चालू असल्याचा दिवा.
(४) हार्ड डिस्क एल.ई.डी. – डिस्कचे काम चालू असता लुकलुकणारा दिवा.
प्रत्येक तारेच्या टोकावर तिचे नाव इंग्रजीत छापलेले असते. ते आधी वाचावे.

बटण आणि दिवा यांतला फरक
बटण हे दारावरच्या घंटीच्या कळीसारखे असते. दाबले की दोन तारा एकमेकींना जोडल्या जातात, सोडले की सुटतात. म्हणून बटणाच्या तारा उलटसुलट कशाही लावा, चालते. एल.ई.डी.चे तसे नाही बरं का! तिच्यातून वीज एकाच दिशेने जाते. अधिकची तार अधिकच्या पिनेवरच हवी. काळी किंवा पांढरी तार बहुधा उणे असते. चुकून उलटी लागली तर दिवा लागत नाही, एवढेच. काढून फिरवून लावावी.

कृती
१. वीजपुरवठ्याची वायर भिंतीतून काढा. मोठे माणूस जवळ असू द्या.
२. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थितिक वीज निघून जाईल.
३. मदरबोर्डाच्या कडेला दोन ओळींत ९ पिना शोधा. दहाव्या पिनेची जागा रिकामी असते, ती खूण.
४. बहुतेक मदरबोर्डांवर असा क्रम असतो:
१ व ३ – डिस्कचा दिवा (१ अधिक)
२ व ४ – पॉवरचा दिवा (२ अधिक)
५ व ७ – रिसेट
६ व ८ – पॉवर स्विच
९ – काही जोडू नये.
तरी सोबतच्या पुस्तिकेतील आकृती पाहूनच जोडा. क्रम निराळाही असू शकतो.

सावधान!
यू.एस.बी.च्या जागीही ९ पिना असतात आणि तिथे ५ व्होल्टचा पुरवठा असतो. जागा नीट ओळखा, तिथे या तारा खुपसू नका. जोर लावू नका, पिन वाकते. वीजपुरवठ्याची पेटी मुळीच उघडू नये.

बटण काय काम करते?
१९९५ साली ए.टी.एक्स. ही मदरबोर्डाची पद्धत आली. त्याआधीच्या पुष्कळ संगणकांत पुढच्या बटणातून थेट घरातली वीज जात असे. ए.टी.एक्स.मध्ये बटण मदरबोर्डाला नुसता इशारा देते आणि मदरबोर्ड वीजपुरवठ्याच्या पेटीला जागे करतो.

पालकांसाठी
संगणक चालू होत नसेल तर आधी पेटीचा मागचा खटका पाहावा. मग पॉवर स्विचची तार काढून, वीज चालू ठेवून, त्याच दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. इतर पिनांना ते लागू देऊ नये. हे काम मोठ्यांनीच करावे. पंखे फिरू लागले, तर दोष फक्त बटणात किंवा त्याच्या तारेत आहे. मदरबोर्ड बदलण्याचा खर्च वाचला!

स्वाध्याय
१. कोणत्या तारा उलट लावल्या तरी चालतात? का?
२. संगणक चालतो, पण पुढचा दिवा लागत नाही. प्रथम काय तपासाल?
३. नवव्या पिनेला काय जोडाल?