गाडी बंद कशी पडली, ते आधी विचार

पोरा, भालकीच्या रस्त्यानं कुणी जीप ढकलत आणली की तुझा हात आधी पान्ह्याकडं जातो. पान्हा राहू दे. ड्रायव्हरला विचार, बंद पडली कशी? पेट्रोल गाडी झटक्यात मेली असेल तर करंट शोध. आचके देत, रेस न घेता मेली असेल तर पेट्रोल पोचत नाही. मग विचार, गार असताना त्रास देते की तापल्यावर? एवढ्यात अर्धं काम होतं. ड्रायव्हर मात्र स्वतःचं निदान सांगायला लागेल, ‘पंप गेलाय’ म्हणेल. ते ऐकून सोडून दे.

सेल्फ मारताना हेडलाईट लावून बघ. दिवे पार विझत आले तर बॅटरी उतरलीय, नाहीतर टर्मिनलला बुरशी धरलीय. दिवे तसेच राहिले आणि नुसतं ‘टक’ झालं, तर सेल्फकडं बघ. 12 व्होल्टची भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साडेबाराच्या वर असते. सेल्फ फिरताना ती साडेनऊच्या खाली घसरली तर आधी चार्ज कर, मग पुन्हा तपास. नवीन बॅटरी घ्यायला सांगायच्या आधी इंजिन ते चासी अर्थची पट्टी बघ. जुन्या कमांडर जीपला ती गंजून नुसती लटकत असते. जंपरची एक वायर बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनला लाव. सेल्फ जोरात फिरला तर पट्टीच चोर. गिऱ्हाईकाचे हजारो रुपये वाचतात, आणि पुढच्या वेळी तो तुझ्याकडंच येतो.

डिझेलचं निदान सायलेन्सरपाशी. सेल्फ फिरतोय आणि धूरच नाही, म्हणजे डिझेल नोझलपर्यंत जात नाही. पहिल्यांदा स्टॉपरची दांडी आत आहे का बघ. हसू नको, काळी-पिवळीच्या गर्दीत कुणाचा तरी गुडघा लागून ती ओढलेली राहते. पांढरा धूर येतो पण उचलत नाही, तर डिझेल जातंय, पेटत नाही. बिदरचं पठार 2,000 फुटांहून उंच, डिसेंबरची पहाट इथं बोचरी असते. प्यूजो इंजिनाच्या जीपला तेव्हा हिटर प्लग तापू दिल्याशिवाय सेल्फ मारू नये. सगळे हिटर ठीक असून रोज तेच होत असेल तर मात्र कॉम्प्रेशन बसलंय, तिथं खर्च आला.

रात्रभर उभी राहिली की सकाळी हवा धरते, असं म्हणणारे खूप येतील. हवा काढणं सोपं आहे. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे ढिला कर, फीड पंपाचा हातपंप मार, फेस जाऊन सलग डिझेल आलं की आवळ. तरी नाहीच उचलली तर नोझलकडचे नट थोडे सैल करून सेल्फ फिरव. त्या धारेपुढं बोट धरायचं नाही, दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं. पण रोज हवा काढत बसणं हा मूर्खपणा. ती शिरते कुठून? टाकी ते फीड पंप या भागात गळती दिसत नाही, कारण तिथं पंप ओढतो. थेंब बाहेर पडायच्या ऐवजी हवा आत जाते. म्हणून पाईप चाचपत बसू नको. स्वच्छ डब्यात डिझेल घे, फीड पंपाला त्यातून नवा पाईप जोड आणि गाडी रात्रभर तशीच ठेव. सकाळी पहिल्या सेल्फला उठली तर टाकीकडचा पाईप, क्लिप नाहीतर वॉशर गेलाय.

आता धूळ. हुमनाबाद-बिदरकडं जांभ्याची लाल, शहाबाद-सेडमकडं फरशीची पांढरी. दोन्ही टाकीच्या टोपणाचं बारीक भोक बुजवतात. गाडी दहा-पंधरा किलोमीटर छान पळते, मग दम सोडते, थोडं थांबलं की पुन्हा सुरू. मिस्त्री कारबोरेटर खोलतो, पंप बदलतो. तू फक्त टोपण उघड. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली तर दुखणं तेच.

टोपण ठीक असेल आणि कमलापूरच्या पुढं मे महिन्याच्या दुपारी जुनी फियाट किंवा अॅम्बॅसेडर बंद पडली, तर पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेव. सुरू झाली तर पाईपात पेट्रोलची वाफ झाली होती. नाही झाली तर तापलेला कॉइल किंवा कंडेन्सर. प्लग काढून ठिणगी बघ, पण सांडलेलं पेट्रोल पुसल्याशिवाय आणि वास गेल्याशिवाय नाही.

आणि हल्लीचं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. उसाच्या मुलखात त्याला कोण नावं ठेवणार? पण चेतकसारख्या जुन्या गाड्यांचे रबरी पाईप आणि वॉशर त्यानं फुगतात, आणि महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी ओढून घेतं. अशी गाडी आली तर कारबोरेटरच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढ आणि थोडा वेळ उभी ठेव. खाली वेगळा थर बसला तर जुनं पेट्रोल सगळं काढ, टाकी धुऊन कोरडी कर, मगच किक मार.